पत्रिका जुळली, फॉन्ट जुळेना

शिरूरहून निघाली तेव्हा पत्रिका मराठीत होती. दौंडला पोचली तेव्हा ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी एक प्रश्नचिन्ह आणि दोन कंस होते, कुलदैवतांच्या ओळीत स्वल्पविरामांची जत्रा भरली होती आणि वधूपित्याच्या नावाआधी ‘श्री.’ जाऊन डॉलरची खूण आली होती. लगेच पाहुण्यांचा फोन.

“बैठकीत तर ठरलं होतं ना, देणंघेणं काही नाही म्हणून?”

“हो. नाहीच.”

“मग पत्रिकेत डॉलर कशाला? पुढं टक्का पण टाकलाय.”

आमच्या घरात छपाई खातं माझ्याकडे आहे. मी वर्तमानपत्रांना पत्रं लिहितो आणि त्यातली काही, निम्मी कापून, छापून येतात, एवढ्या भांडवलावर ही नेमणूक झालेली. पुतणीचं लग्न ठरलं, मुलगा दौंडचा. खर्च वाचावा म्हणून दोन्ही घरांची एकच पत्रिका काढायची, अक्षरजुळणी शिरूरला आमच्या ओळखीच्या डीटीपीवाल्याकडे आणि छपाई दौंडला त्यांच्या ओळखीच्या प्रेसात, अशी वाटणी बैठकीत झाली. वाटणी करताना दोघांनाही वाटलं की आपण जिंकलो. दोन्ही तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. तिच्यावर पूल आहे, पण फॉन्टला तो ओलांडता येत नाही, हे बैठकीत कुणी बोललं नव्हतं.

जुन्या मराठी फॉन्टांची गंमत अशी की संगणकाला शेवटपर्यंत वाटत असतं, हा माणूस इंग्रजीच लिहितोय. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं, एवढाच तो कारभार. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, ज्याची त्याची मांडणी निराळी. एकाकडचा क हा दुसऱ्याकडचा कंस. (आमचा फॉन्ट यांतला नव्हता; यांचाच कुठला तरी लांबचा चुलतभाऊ होता.) तो फॉन्ट ज्या यंत्रात आहे तिथे सगळं मराठी. नसेल तिथे मुखवटा गळून पडतो आणि आतला साहेब बाहेर येतो.

“फॉन्ट पाठवा,” दौंडचा प्रेस म्हणाला. पाठवला. आता मजकूर मराठी झाला, पण त्यांच्याकडे त्याच नावाची जुनी आवृत्ती आधीपासून बसलेली होती. तिने जोडाक्षरं आपल्या मर्जीने वाटून टाकली. ‘चि. सौ. कां.’मधल्या कांवरचा अनुस्वार उडून शेजारच्या नावावर बसला.

दौंडकडून पत्रिकेचा कारभार बघत होते मुलाचे चुलते. रेल्वेतून निवृत्त. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडात आली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट्या तोंडाने पुढे निघायची. आता कॉर्ड लाईन झाली, काही गाड्यांचा तो फेरा चुकतो. पाहुणे मात्र जुन्या वेळापत्रकातले. शिरूरहून आलेली गोष्ट इंजिन बदलल्याशिवाय पुढे सोडायची नाही, हा त्यांचा नियम. त्यांचं आडनाव मी इथे लिहीत नाही. ते चुकीचं छापलं गेलं तर पुन्हा दौंडला जाऊन समजूत काढायची माझ्यात ताकद उरलेली नाही. त्यात ‘ऱ्ह’ येतो, एवढंच सांगतो. पुढच्या सगळ्या रामायणाचं कारण तो ‘ऱ्ह’ आहे.

या टप्प्यावर भाच्याने उडी घेतली. भाचा पुण्यात गणितात पीएच.डी. करतो. बरीच वर्षं करतो. प्रबंध सोडून दुसरं कुठलंही काम समोर आलं की त्याच्या अंगात उत्साह संचारतो.

“मामा, ते सगळं विसरा. पत्रिका लेटेक्मध्ये करू.”

“लेटेक्स? रबराची?”

“लेटेक्. शेवटी स नाही. माझा अख्खा प्रबंध त्यातच आहे.”

“किती झाला?”

“फॉन्ट ठरलाय.”

मग त्याने आम्हा सगळ्यांना बसवून इतिहास सांगितला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात डोनाल्ड क्नूथ नावाचे गणिती आहेत. १९७७ साली त्यांच्या जाडजूड पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं त्यांच्याकडे आली. त्यातली अक्षरं पाहून ते असे वैतागले की पुस्तक बाजूला ठेवून अक्षरजुळणीची यंत्रणाच लिहायला बसले. तिचं नाव टेक्. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर चढवलेला साज म्हणजे लेटेक्. सुट्टीत उरकेल असं वाटलेलं काम क्नूथना दहाएक वर्षं पुरलं. लग्नाला महिना राहिलेला असताना मुलीच्या बापासमोर ही गोष्ट सांगू नये, हे पीएच.डी.त शिकवत नसावेत.

“आणि त्यांच्या पुस्तकात चूक सापडली,” भाचा रंगात आला, “तर ते ती शोधणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक देतात.”

घरात एकदम शांतता पसरली. पत्रिकेतल्या चुकांना हा दर लावला असता तर नुसत्या आमच्या आत्याच्या डोळ्यांवर मांडवाचा खर्च निघाला असता.

“पण २००८ पासून हे चेक सॅन सेरिफ नावाच्या बँकेचे असतात. ती बँक मुळात अस्तित्वातच नाही.”

दादा, म्हणजे मुलीचा बाप, पहिल्यांदा बोलला. “असल्या बँकेत माझ्या ठेवी होत्या.”

टेक्च्या आवृत्तीचा आकडा दर सुधारणेला पायच्या किमतीजवळ सरकतो. सध्या तो ३.१४१५९२६५३ आहे. क्नूथ यांनी लिहून ठेवलंय की आपण गेल्यावर आकडा थेट पाय करायचा, कुणी काही दुरुस्त करायचं नाही आणि तेव्हा ज्या चुका उरलेल्या असतील त्या गुण समजायच्या. हे ऐकून कुणालाच नवल वाटलं नाही. आमच्याकडे दशक्रियेला नदीवर जी श्रद्धांजलीची भाषणं होतात, त्यात दुसरं काय होतं?

तर भाच्याने पत्रिका लिहायला घेतली. लिहायला म्हणजे उलट्या तिरप्या रेघा, महिरपी कंस आणि अधूनमधून नवरा-नवरी. मग कळ दाबली. पडद्यावर ओळींचा धबधबा कोसळला, थांबला आणि पान तयार झालं. पान कोरं होतं. वरच्या कोपऱ्यात एक पूर्णविराम आणि खाली पानाचा आकडा.

“सुटसुटीत आहे,” मी म्हणालो. कौतुक करायची माझी जुनी सवय.

भानगड अशी की लेटेक् आपणहून जो फॉन्ट वापरतं त्यात देवनागरी नाहीच. त्यामुळे ते प्रत्येक अक्षरापाशी थांबतं, फॉन्टमध्ये डोकावतं, अक्षर नाही असं बघतं आणि काही न बोलता पुढे जातं. तक्रार नोंदवतं, पण ती लॉग नावाच्या फायलीत. भाच्याने ती उघडून दाखवली. या फॉन्टमध्ये श नाही. या फॉन्टमध्ये र नाही. या फॉन्टमध्ये वेलांटी नाही. सगळी पत्रिका तिथे होती, फक्त नाही-नाही म्हणत.

“मग समोर सांगायचं की,” दादा म्हणाला.

“सांगितलंय ना, लॉगमध्ये.”

“म्हणजे तहसीलच्या फलकावर लावलंय.”

पर्यायी फॉन्ट देणं हे त्यावरचं औषध. पूर्वी हेही सोपं नव्हतं. १९९१ साली नेदरलँड्समधल्या फ्रान्स वेल्थइस यांनी टेक्साठी देवनागरी तयार केली, पण मजकूर रोमन अक्षरांत टंकायचा आणि आधी एका वेगळ्या प्रोग्रामच्या चरकातून काढायचा. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचं झीटेक् आलं आणि यंत्रातला कुठलाही युनिकोड फॉन्ट नाव सांगून बोलावता यायला लागला. भाच्याच्या मते ही क्रांती होती. माझ्या मते इथेच घात झाला. फॉन्ट मिळत नव्हता तोवर माणसं मिळेल त्यात लग्नं लावत होती.

पहिला आला शोभिका. आयआयटी मुंबईत तयार झालेला, राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रेवर बेतलेला, अकराशेच्या वर जोडाक्षरं पोटात घेऊन बसलेला. अक्षर देखणं, खणखणीत. आमच्याकडच्या पत्रिकेत येऊ शकेल असं एकही जोडाक्षर त्याच्यापुढे अडणार नाही. मी मुद्रित घेऊन न्हावरे, पारगाव, चौफुला करत दौंड गाठलं. पाहुण्यांनी ते हातभर लांब धरलं.

“स्वच्छ आहे.”

“हो ना?”

“लग्नाचं वाटत नाही. सातबारा वाटतो.”

दुसरा मुक्त. हा मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा. याची खासियत म्हणजे सात वजनं, अगदी किरकोळ अंगकाठीपासून पैलवानापर्यंत. भाच्याने हे पाहुण्यांना फोनवर सांगितलं आणि तिथून पत्रिकेचं राजकारण सुरू झालं. तोवर ठळक आणि साधं अशी दोनच माणसं जगात होती. आता सात पायऱ्या मिळाल्या म्हटल्यावर पाहुण्यांनी वहीत रेघा मारल्या आणि दोन्हीकडचे निमंत्रक, प्रेषक, स्वागतोत्सुक आणि ‘प्रमुख उपस्थिती’ यांची सात वजनांत वाटणी करायला घेतली. सगळ्यात जाड वजन आमदारांना. त्याखालचं कारखान्याच्या संचालकांना. एक संचालक कारखान्याची निवडणूक पडलेले होते, त्यांचं काय, यावर बराच वेळ गेला. शेवटी त्यांना जाडच ठेवून आकार अर्ध्या पॉइंटने उतरवला.

“आणि हे सगळ्यात बारीक कुणाला?” मी विचारलं.

“जे मुंबईला राहतात आणि येणार नाहीत, त्यांना.”

थोरल्या जावयांना सेमीबोल्ड मिळाला, धाकट्यांना बोल्ड, कारण धाकटे पोलिसात आहेत. थोरल्यांनी भिंग लावलं नाही, मोबाईलवर दोन बोटांनी दोन्ही नावं मोठी करून शेजारी शेजारी ठेवली. मग ते माझ्याकडे बघून नुसते हसले. असं हसणं मी यापूर्वी फक्त वाटणीपत्रावर सही करताना पाहिलं होतं. सात वजनं रद्द झाली. सगळ्यांना एकच वजन द्यायचं ठरलं आणि त्या दिवशी सगळेच सारखे नाराज झाले. छपाई खात्याचा कारभार सुरळीत चालल्याची हीच खूण असते.

आता पाहुण्यांना ‘लग्नाळू’ फॉन्ट हवा होता. त्यांच्या डोळ्यापुढे कुठल्या तरी बारामतीच्या पत्रिकेतला वळणदार फॉन्ट होता, वेलांट्यांना शेपट्या फुटलेला. भाच्याने असला एक कुठून तरी उतरवून घेतला. नवरी सुंदर दिसली. नवरा सुंदर दिसला. पाहुण्यांच्या आडनावातला र मात्र पूर्ण उभा राहिला, पायात हलन्त, आणि शेजारी ह एकटा.

आपण दऱ्या, सुऱ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड लिहिताना जो निजलेला र काढतो, तो मराठीचा खास दागिना. युनिकोडमध्ये तो ज्या ‘ऱ’पासून बनतो, तो मुळात द्रविडी भाषांतला र लिहिता यावा म्हणून ठेवलेला, आपण त्याचं अर्धं रूप आपल्या कामाला लावलं. हे सगळ्याच फॉन्टकारांच्या कानावर गेलेलं नसतं. खिळ्यांच्या काळात हा प्रश्न तोंडावर मिटायचा. शिरूरला ट्रेडलवर छपाई चालायची तेव्हा जुळारी खणात हात घालून सांगायचा, “ऱ्ह दोनच उरलेत. वऱ्हाडी कमी करा, नाहीतर आडनाव बदला.” माणसं ‘वऱ्हाडी मंडळी’ खोडून ‘पाहुणे मंडळी’ करायची आणि लग्न लागायचं. आता खण नाही, जुळारी नाही, सगळं आहे आणि ऱ्ह नाही.

“फॉलबॅक लावतो,” भाचा म्हणाला. म्हणजे पहिल्या फॉन्टकडे जे अक्षर नसेल ते यंत्राने गुपचूप दुसऱ्याकडून उसनं आणायचं. झीटेक्मध्ये हे आपोआप होत नाही, म्हणून तो टेक्च्याच लुआटेक् या दुसऱ्या अवताराकडे वळला, आणि या वळण्यात एक रात्र आणि माझी फरसाणाची पिशवी संपली. सकाळी ऱ्ह आला. पण तो शेजाऱ्याचा होता, हे लांबून ओळखू येत होतं. वळणदार शेपट्यांच्या मधोमध एक ताठ, सरकारी ऱ्ह.

“माझ्या आडनावाला ठिगळ लावलंय,” पाहुणे म्हणाले.

त्याच फॉन्टने आमच्या वकील भावजींनाही हात दाखवला. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी बेतलेल्या फॉन्टांना त्याची ओळखच नाही. त्यामुळे ‘ॲड.’च्या जागी एक रिकामा चौकोन आणि ‘ड.’ असा मजकूर उमटला. भावजींनी तो शांतपणे वाचला आणि आपली फी न सांगता नोटिशीचा मसुदा तोंडी सांगितला. भाच्याने घाईघाईने अ काढून त्यावर वेगळा चंद्र ठेवला. तर तो चंद्र अ सोडून ड वर उगवला.

एवढ्यात दाजी आले. दाजी म्हणजे भाच्याचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या हाती मुद्रित पडू नये असा आमचा प्रयत्न होता. त्यांनी नावं बघितली नाहीत, तारीख बघितली नाही. ते थेट ‘शुभविवाह’वर गेले.

“हा श कुणाचा?”

“कुणाचा म्हणजे, अण्णा?” भाच्याने वडिलांना विचारलं.

“आपला श देठाचा. आपला ल पाकळीचा. ६ नोव्हेंबर २००९ चा शासन निर्णय आहे. हे दोन्ही हिंदीतले आहेत.”

दाजी बरोबर होते, आणि त्याचाच सगळ्यांना जास्त राग आला. बऱ्याच फॉन्टांत दोन्ही वळणांचे ल आणि श असतात, पण मराठी वळणाचे आत झाकून ठेवलेले. लिपी देवनागरी एवढंच सांगितलं की यंत्र हिंदी वळण काढून देतं. भाषा मराठी असं वेगळं सांगावं लागतं. भाच्याने एक शब्द वाढवला, कळ दाबली आणि सगळ्या पानावरच्या ल ना पाकळ्या फुटल्या. दाजींनी पोराकडे असं बघितलं की पीएच.डी. झाली काय आणि नाही काय. मग म्हणाले, “आता ‘आशीर्वाद’ची पहिली वेलांटी.”

राहता राहिल्या ओळी. टेक् प्रत्येक ओळीची मापं घेतं आणि ओळ किती बिघडली याला गुण देतं. त्याला ते बॅडनेस म्हणतात. जास्तीत जास्त १००००. आमच्या पत्रिकेत ‘मा. श्री.’पासून सुरू होऊन आजी-माजी पदांच्या माळेतून जाणारी नावं होती. ती एका ओळीत मावत नव्हती आणि दुसऱ्या ओळीत भरत नव्हती. भाचा पडद्यावरून वाचत होता.

“बॅडनेस १००००.”

“कुणाचा?” दादाने विचारलं.

“ओळीचा.”

“ओळ कुणाची ते बघ ना.”

“माजी सभापतींची.”

“मग बरोबर आहे.”

शब्द कुठे तोडायचा याचे मराठीचे नियमही टेक्जवळ आहेत. त्यांना धरून त्याने ‘उपसरपंच’ तोडला. ओळीच्या शेवटी ‘उप’ आणि एक छोटी आडवी रेघ, खालच्या ओळीच्या सुरुवातीला दिमाखात ‘सरपंच’. उपसरपंच घरी येऊन पेढे देऊन गेले. अक्षरजुळणी फारच उत्तम झाली आहे, आता काही बदलू नका, म्हणाले. मग सरपंच आले. त्यांनी पेढे आणले नव्हते.

शेवटी पत्रिका छापली गेली ती शोभिकातच, म्हणजे सातबाऱ्यातच. पाहुण्यांनी होकार कसा दिला? त्यांना मी त्यांचं एकट्याचं आडनाव अख्ख्या पानभर मोठं करून, चौकटीत घालून, सोनेरी शाईत छापून नेऊन दिलं होतं. त्यातला ऱ्ह बघण्यासारखा होता. ते कागद बराच वेळ न्याहाळत बसले. पत्रिकेचं मुद्रितही सोबत होतं. त्यावर त्यांनी न बघता सही केली. भाच्याने प्रबंधापेक्षा जास्त आवृत्त्या या कामात काढल्या आणि लगेच गावच्या यात्रा कमिटीने त्याला हॅन्डबिलासाठी गाठलं. तमाशाच्या नावाला कुठलं वजन द्यायचं, यावर सध्या तो मार्गदर्शकांच्या भेटी टाळतो आहे.

लग्नाच्या दिवशी मी कार्यालयात जरा लवकर गेलो. दारावर भला मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवाल्याला कुणी मजकूर तपासायला दिला नव्हता, मागायची त्याची पद्धतही नव्हती. जाड, फुगलेली, पिवळ्या कडांची अक्षरं, हिंदी वळणाचा श, ॲडव्होकेटांच्या डोक्यावर चौकोन. आणि त्या सगळ्याखाली पाहुणे फेटा बांधून फोटो काढून घेत होते. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, “पाहुणे, वर बघा. तुमच्या आडनावातला ऱ्ह पार गेलाय.”

त्यांनी मान वर करून बघितलं. फेटा सावरला.

“असू द्या हो. सरपंचापेक्षा माझा फोटो मोठा आलाय का नाही, ते सांगा.”